फ्रिजमधला डबा नेमका कधी वाया जातो?

गोव्यात कुठल्याही घरी विचारून बघा, "तुमच्याकडे अन्न वाया जातं का हो?" उत्तर ठरलेलं: "छे! आमच्याकडे अन्न टाकत नाहीत." असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला सकाळी कुत्र्याला घातलेला भात आठवतो, कालच्या कडीवर (नारळाच्या आमटीवर) झालेली न्याहारी आठवते. ओल्या कचऱ्यात गेलेली अर्धी कोथिंबीर, बुरशी धरलेले दोन पाव आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातली चार दिवसांची उसळ मात्र आठवत नाही. या विषयावर काम करणाऱ्यांचा जगभरचा अनुभव हाच आहे. लोकांना विचारलं की आकडा लहान येतो आणि त्यांच्याच घरचा कचरा वजनाला लावला की मोठा.

अशा मोजण्या जमवून संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम एक अहवाल काढतो. २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगभरातली दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. आपल्याकडे विषय निघाला की बोट आधी कळंगुटच्या बुफेकडे आणि लग्नाच्या हॉलकडे जातं. पण जगाच्या हिशेबात हॉटेलं-खानावळींचा वाटा २९ कोटी टन आहे आणि घरांचा ६३.१ कोटी टन. साठ टक्के नासाडी घरात होते. भारतासाठी अहवालाने धरलेला अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. दिवसाला दीडशे ग्रॅम. चौघांच्या घरी सहाशे.

हा ५५ किलोंचा आकडा जपून वापरायला हवा. तो मोजक्या ठिकाणच्या मोजणीवरून काढलेला आहे आणि त्यात खाता न येणारा भागही धरलेला आहे: केळ्याची साल, आंब्याची बाठ, बांगड्याचे काटे, कोंबडीची हाडं. रोज मासे खाणाऱ्या घराचा कचरा वजनाला जास्त भरणारच. ती सगळी काही नासाडी नव्हे. तरीही साली-काटे बाजूला काढल्यावर जे उरतं ते थोडं नसतं, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

त्या अहवालातली एक व्याख्या मला महत्त्वाची वाटते, कारण आपला समज नेमका उलटा असतो. गाईच्या पुढ्यात ठेवलेलं उरलेलं अन्न नासाडीत मोजत नाहीत. खताच्या खड्ड्यात किंवा बायोगॅसच्या टाकीत गेलेलं मात्र मोजतात. सुक्या-ओल्याचं वर्गीकरण कितीही चोख असलं तरी हिरव्या बादलीत पडलेला भात वायाच गेला. त्याचा गॅस होतो हे चांगलंच आहे, पण तो पिकवायला लागलेलं पाणी काही परत मिळत नाही. आणि ते पाणी थोडंथोडकं नाही. जागतिक सरासरीने एक किलो तांदळामागे अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडतं.

जुन्या घरात उरलेल्या अन्नाला जायला पुष्कळ वाटा होत्या. रात्रीची कडी सकाळी आटवून पावाबरोबर, भात उरला तर पाण्यात घालून सकाळी लोणच्याबरोबर, त्यातूनही उरलं तर गुरांना, कुत्र्याला, कुणाच्या मागच्या दारी डुकराला, आणि तांदळाचं धुवण माडाच्या आळ्यात. पर्वरीच्या किंवा फोंड्याच्या फ्लॅटमध्ये यातली एकही वाट धड शिल्लक नाही. रांधायचं प्रमाण आणि मनातला हिशेब मात्र अजून त्या जुन्या घराचा आहे.

बाजारात

अन्न टाकतो तेव्हा वाया जातं असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो निर्णय त्याच्या कितीतरी आधी, बाजारात, झालेला असतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेताना काय होतं ते आठवा. पुष्कळ माल वाट्याने विकायला असतो. एक वाटा घेतला की विकणारी म्हणते, "हो बी व्हर गे, सवाय लायतां" (हाही ने गं, स्वस्तात लावते). दुसरा वाटा निम्म्या भावात पडतो. त्या क्षणी आपण पैसे वाचवलेले असतात आणि तो आनंद खरा असतो. चार दिवसांनी त्या वाट्यातली निम्मी वांगी मऊ पडतात तेव्हा त्यांची किंमत कुणी काढत नाही. स्वस्त मिळालं म्हणून घेतलेली वस्तू टाकताना मन फारसं दुखत नाही, स्वस्तच तर होती. मोठ्या दुकानातला "एकावर एक फुकट" हा त्याच खेळाचा एसीतला अवतार.

यात दुसरी एक गंमत आहे. तांबड्या भाजीची जुडी उचलताना आपल्या डोळ्यांपुढे एक घर असतं. त्या घरात संध्याकाळी निवांत भाजी निवडायला वेळ असतो, मुलं पालेभाजी खातात आणि बुधवारी कुणी बाहेरून जेवून येत नाही. खरेदी त्या घरासाठी होते. खायची असते ती आपल्या घरात, जिथे मंगळवारी कुणाचा तरी वाढदिवस निघतो. आठवड्याच्या बाजाराने हे अंतर वाढवलं. मासे आपण अजूनही बरेचसे त्या दिवसापुरतेच घेतो, म्हणून मासे वाया जाण्याचं प्रमाण घराघरात कमी दिसतं. भाजी, फळं, पाव आणि नारळ यांचं तसं नाही.

जुडीचं पुढे काय होतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. विकणारी दिवसभर तिच्यावर पाणी शिंपडते, त्यामुळे पानं टवटवीत दिसतात. आपण ती ओली जुडी पिशवीत कोंबतो, गाठ मारतो आणि तशीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ढकलतो. तोडलेलं पान जिवंतच असतं. ते श्वसन करतं, वाफ सोडतं, ती वाफ पिशवीला आतून धरते आणि परत पानावर उतरते. ओल्या, कोंडलेल्या जागेत पान सडवणारे जिवाणू झपाट्याने वाढतात. दोन दिवसांत मधला भाग काळा आणि चिकट, आणि बाहेरची पानं अजून बरी. अशी जुडी उघडली की निवडून अर्धी वाचवण्याचं धैर्य फार कमी जणांना होतं, सगळीच जाते. मुळं कापून, पाणी झटकून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवली तर तीच भाजी चार-पाच दिवस सहज राहते. तिच्या शेजारी पिकलेली केळी, पपई किंवा टोमॅटो मात्र नकोत. ही फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने शेजारच्या पालेभाज्या लवकर पिवळ्या पडतात.

चुलीपाशी

"एक वाटी अजून घाल. कोणी आलं-गेलं तर?"

तांदूळ धुताना सासूबाईंनी सुनेला, आईने मुलीला हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकवलं आहे. गोव्यातल्या घरगुती नासाडीची बरीचशी गोष्ट या एका वाक्यात आहे. त्यामागे आळस नाही, बेफिकिरी तर नाहीच. त्यामागे माया आहे आणि थोडी इभ्रत आहे. घरोघरी जाऊन अभ्यास करणाऱ्या संशोधकांना हे वेगवेगळ्या देशांत सापडलं: घरच्यांना पोटभर आणि चांगलं वाढणारी व्यक्ती म्हणून स्वतःकडे बघण्याची इच्छा जितकी पक्की, तितकं जास्त आणलं जातं, जास्त रांधलं जातं. नासाडी वाईट हे त्याच माणसांना मनापासून पटलेलंही असतं. दोन चांगल्या गोष्टींची टक्कर होते आणि दर वेळी एकच जिंकते.

ती का जिंकते, याचं उत्तर वर्तमानपत्र विकणाऱ्याच्या गणितात मिळतं. अर्थशास्त्रात ते प्रसिद्ध आहे. उद्या किती अंक खपतील ते त्याला नक्की ठाऊक नसतं. कमी घेतले तर गिऱ्हाईक परत जातं, जास्त घेतले तर रद्दी होते. गिऱ्हाईक गमावणं महाग आणि रद्दी स्वस्त असेल, तर शहाणा विक्रेता मुद्दाम जास्तच घेईल. आता स्वयंपाकघरात या. भात कमी पडला तर ताटावर बसलेल्या पाहुण्यासमोर शोभा होते, आणि ती वर्षभर आठवली जाते. भात जास्त झाला तर एक डबा फ्रिजमध्ये जातो, कुणाला कळतही नाही. एकीकडची किंमत सगळ्यांना दिसते, दुसरीकडची कुणालाच नाही. अशा हिशेबात वाटीभर जास्त तांदूळ घालणारी बाई चुकत नसते, ती तिच्या हिशेबाने बरोबरच वागत असते.

म्हणून "अन्न हे पूर्णब्रह्म" असं भिंतीवर लावून फरक पडत नाही. ते तिला आधीपासून पाठ आहे. फरक पडतो तो कमी पडण्याची धास्ती स्वस्त केल्याने. घरात अंडी आहेत, पोहे आहेत, संध्याकाळचा पोदेर (पाववाला) येऊन गेलेला आहे, सुके बांगडे डब्यात आहेत, म्हणजे अचानक आलेल्या माणसाला वीस मिनिटांत मानाने जेवू घालता येतं. ही खात्री असली की ती जास्तीची वाटी आपोआप गळते. शिवाय पाहुणा हल्ली फोन केल्याशिवाय येत नाही. मे महिन्यात पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी, सोलं आणि मिरच्या भरून ठेवणाऱ्या बायकांनी हे केव्हाच ओळखलं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाऊस दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही, तेव्हा टिकणारा साठा हाताशी ठेवायचा आणि नासणारं रोजच्यापुरतंच रांधायचं.

चतुर्थीचा विषय टाळता येत नाही, म्हणून एवढंच: पाच घरांनी पाच घरांना नेवऱ्या (करंज्या) पाठवायच्या आणि प्रत्येकाकडे शेवटी दुसऱ्यांच्याच नेवऱ्या उरायच्या, या व्यवहारातला आनंद मला मान्य आहे. पण निदान दोन घरांनी आधी बोलून एकाने नेवऱ्या आणि दुसऱ्याने मोदक असं ठरवलं तर गणपती रागावेल असं वाटत नाही.

फ्रिजमध्ये

डेव्हिड इव्हान्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने मँचेस्टर भागातल्या घरांत वावरून लोक अन्नाचं काय करतात ते पाहिलं. त्याला दिसलं की जेवण झाल्यावर उरलेलं अन्न लोक सहसा लगेच टाकत नाहीत. त्यांना ते जड जातं. ते नीट डब्यात भरतात, झाकण लावतात, फ्रिजमध्ये ठेवतात. पुढे त्या डब्याला कुणी हात लावत नाही. काही दिवसांनी उघडला की वास येतो, आणि आता तो टाकणं योग्यच ठरतं. टाकायचं ते दोन टप्प्यांत टाकलं, म्हणून मनाला लागत नाही. मँचेस्टर सोडा, हा डबा फोंड्याच्या फ्रिजमध्येही आहे, स्टीलचा आहे आणि आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

माझ्या मते त्या डब्यातलं अन्न झाकण लावलं त्याच घटकेला वाया गेलेलं असतं, जर ते कोण आणि कधी खाणार हे ठरलं नसेल तर. "असू दे, होईल कशाला तरी" म्हणजे कशालाच नाही. कालच्या कडीची गोष्ट वेगळी, कारण तिचा दिवस आणि वेळ परंपरेनेच ठरवून दिलेली आहे: उद्या सकाळी, पावाबरोबर. ती टिकते त्यालाही कारण आहे. मंद आचेवर आटवताना उकळीने बहुतेक जिवाणू मरतात, पाण्याचा अंश कमी होतो, मीठ आणि सोलांचं आंबट यांची तीव्रता वाढते. जिवाणूंना वाढायला लागणारं सगळंच आखडतं.

भाताला हा नियम लावू नका. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या सोयीचा पट्टा आहे, आणि आपली मे महिन्यातली रात्र बरोबर त्याच्या मधोमध येते. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करावा आणि तास-दोन तासांत फ्रिजमध्ये घालावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात वाचवण्याच्या नादात पोट बिघडवून घेण्यात काटकसर नाही. बुरशी आलेल्या पावाचंही तेच. वरचा हिरवा ठिपका काढला तरी बुरशीचे धागे आत पसरलेले असतात.

अर्ध्या नारळाला मात्र वेगळा परिच्छेद हवा. रोजच्या हुमणाला (माशांच्या आमटीला) किंवा भाजीला अर्धं पुरतं, दुसरी कवड फ्रिजच्या दारात जाते, तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होते, पाचव्या दिवशी गुलाबी. नारळाचे भाव चढलेले असताना हे कसं चालतं हा प्रश्न मला कायम पडतो. उत्तर बहुधा असं की संध्याकाळी स्वयंपाक करताना दुसरी कवड खवायचा कंटाळा येतो. त्याच वेळी पूर्ण नारळ खवून, एका वाटणाला लागेल एवढाल्या पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात टाकल्या तर महिनाभरही चालतात. काम पाच मिनिटांचं आहे, फक्त ते आळसाची वेळ येण्याआधी करायला लागतं.

पाकिटावरच्या तारखांनीही बरंच चांगलं अन्न टाकलं जातं. "या तारखेपर्यंत वापरा" किंवा "एक्सपायरी" ही सुरक्षिततेची तारीख, तिच्यानंतर खाऊ नये. "बेस्ट बिफोर" ही दर्जाची. त्या तारखेनंतर बिस्किटाचा कुरकुरीतपणा किंवा मसाल्याचा वास थोडा कमी होईल, विष होणार नाही. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी पाकिटबंद अन्नावर एक्सपायरीची तारीख सक्तीची केली आणि बेस्ट बिफोर ऐच्छिक. फडताळातली पाकिटं टाकण्याआधी दोनांपैकी कोणती तारीख छापली आहे एवढं वाचावं.

बादलीपाशी

गोवा कचऱ्याच्या बाबतीत देशातल्या पुष्कळ राज्यांच्या पुढे आहे, हे मान्य करायला हवं. पणजी महापालिकेची कचरा सोळा प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत देशभर नावाजली गेली. साळगावचा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज होते. दक्षिणेत काकोड्याला प्रकल्प आहे. अन्न उघड्या ढिगाऱ्यात हवेशिवाय कुजलं तर मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. मडगावच्या सोनसड्याचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे त्यांना साळगावचं मोल सांगायला नको.

पण याच चांगल्या व्यवस्थेचा एक उलटा परिणाम होऊ शकतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डॅनयी ची आणि ब्रायन रो यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना जेवण दिलं आणि काहींना अन्नाच्या नासाडीने काय नुकसान होतं ते आधी समजावलं. त्यांनी ताटात कमी अन्न उरवलं. ज्यांना तेच समजावलं, पण उरलेलं खताला जाणार आहे असंही सांगितलं, त्यांच्यावर समजावण्याचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. खत होणार आहे ना, मग चालेल.

अमेरिकेतल्या एका जेवणावरून गोव्यातल्या घरांबद्दल ठाम बोलता येणार नाही. पण हिरव्या बादलीत भात ओतताना "गॅस तरी होईल" असं मनात येत असेल, तर तो विचार कुठून येतो ते आता कळेल. दक्षिण कोरियात अन्नाचा कचरा वजनावर किंवा आकारमानावर पैसे भरून टाकावा लागतो, २०१३ पासून देशभर. बऱ्याच इमारतींतल्या पेट्या कार्डाने उघडतात, कचरा तोलतात आणि त्या घराच्या नावावर आकडा चढवतात. आपल्या पंचायती असं लगेच करतील अशी आशा मला नाही, आणि करू गेल्या तर पहिल्या महिन्यात कचरा कुठल्या शेतात जाऊन पडेल तेही सांगता येतं. त्या पद्धतीतली एक गोष्ट मात्र पैसे न आकारता उचलता येते: वजन दिसणं.

रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा वजनकाटा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओल्या कचऱ्याच्या दोन बादल्या कराव्यात. एकीत साली, देठ, काटे, चहाचा चोथा. दुसरीत खाता आलं असतं ते सगळं, म्हणजे भात, पाव, नासलेली भाजी, ती कवड, तो डबा. दुसरी बादली रात्री त्या काट्याला लावावी आणि वजन कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहावं, शेजारी एका शब्दात काय जास्त होतं ते. सुरुवातीचे एक-दोन दिवस आकडा फारच लहान येईल, कारण मोजणी चालू आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. हिशेबाला धरायचे ते त्यानंतरचे आकडे, आणि त्यात बाजाराच्या आदल्या दिवसाचा चौकोन आधी बघावा, कारण नव्या भाजीला जागा करायला फ्रिज त्याच दिवशी रिकामा होतो.